उजवीकडचा गिअर डावीकडे गेला तेव्हा

माझ्याकडे मोटारसायकल नाही, कधी नव्हतीही. तरी आज मी बुलेटवर बोलणार आहे. कारण असं की मी नायगावात राहतो आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी बुलेट दुरुस्त करणारं एक जुनं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, दहा बाय बाराचा गाळा आणि बाकी सगळा कारभार फुटपाथवर. गेली तीसेक वर्षं संध्याकाळचा एक चहा मी तिथं पितो. कविता लिहिणाऱ्या माणसाचा कान आवाजाकडे ओढला जातो, आणि त्या फुटपाथवर आवाज भरपूर. त्याहून जास्त तिथं भांडणं. पैशांची नाहीत, दुरुस्तीचीही नाहीत. भांडण एकच, गाडी बदलली ते बरं झालं की वाईट.

मोटारसायकल हे एक यंत्र. कंपनीनं त्यात सुधारणा केली तर गिऱ्हाइकानं खूश व्हावं, असा साधा हिशेब. पण बुलेटच्या बाबतीत हा हिशेब कधी जुळला नाही. दर वेळी कंपनीनं काही सुधारलं की तिचे सर्वांत जुने, सर्वांत निष्ठावंत चाहतेच पहिल्यांदा खवळले. गिअर उजवीकडून डावीकडे गेला तेव्हा खवळले. लोखंडी इंजिन जाऊन ॲल्युमिनियमचं आलं तेव्हा खवळले. २०२३ साली किक गेली तेव्हाही खवळले. हे लोक हट्टी होते का? की त्यांच्या रागात काही तथ्य होतं? हे समजून घ्यायचं तर आधी बुलेट ही काय चीज होती ते पाहायला हवं.

बुलेट हे नाव १९३२ सालचं, इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीनं दिलेलं. आपल्याला माहीत असलेली बुलेट मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९४९च्या सुमाराची. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सीमेवर गस्त घालायला दणकट मोटारसायकल हवी होती. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करानं साडेतीनशे सीसीची बुलेट मागवली. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना निघाला. सुरुवातीला सुटे भाग इंग्लंडहून यायचे आणि इथं जोडणी व्हायची. पुढं सगळं इथंच बनू लागलं.

आता गंमत पाहा. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७०च्या सुमारास बंद पडली. तिची मद्रासची शाखा मात्र जिवंत राहिली आणि तेच जुनं मॉडेल बनवत राहिली. जगात मोटारसायकली कुठल्या कुठं गेल्या, जपान्यांनी बाजार जिंकला, आणि आपल्याकडे १९५५ची गाडी १९९५ सालीही नवी कोरी म्हणून विकत मिळत होती. ही काही परंपरेची भक्ती नव्हती. परवान्यांचं राज्य होतं, परदेशी गाड्यांना दार बंद होतं, स्पर्धा नव्हती. बदलायची गरजच कुणाला पडली नाही. पण याचा एक परिणाम झाला, आणि तोच पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ आहे. चाळीस वर्षं एकच इंजिन राहिल्यामुळं तीन पिढ्यांच्या कानांत एकच आवाज बसला. आजोबांच्या गाडीचा नट नातवाच्या गाडीला बसायचा. यंत्राला सहसा मिळत नाही ते बुलेटला मिळालं: घराण्याचं आयुष्य.

आमच्या नायगावात पोलीस मुख्यालय आहे. माझ्या लहानपणी बुलेट म्हणजे पोलीस किंवा मिलिटरी, तिसरा मालक म्हणजे गावाकडचा एखादा बागाईतदार. गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. आमच्या चाळीतली पोरं खेळ थांबवून कान टवकारायची. 'डुग डुग डुग' असा तो आवाज. इंग्रजीत त्याला थंप म्हणतात, आमचे मेस्त्री त्याला 'ठोका' म्हणतात. मला मेस्त्रींचाच शब्द जास्त आवडतो, कारण ठोका हा हृदयाचाही असतो आणि तबल्याचाही.

हा ठोका येतो कुठून? मेस्त्रींनी मला तो फुटपाथवर खडूनं आकृती काढून शिकवला, तसाच मी सांगतो. इंजिनात एक नळकांडं, त्याला सिलिंडर म्हणायचं. त्यात वरखाली होणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन. हा पिस्टन चार फेऱ्यांत एक काम पुरं करतो. खाली येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत ओढतो, वर जाताना ते दाबतो, मग ठिणगी पडते आणि स्फोटानं तो खाली ढकलला जातो, आणि शेवटी वर जाताना जळलेला धूर बाहेर फेकतो. म्हणजे चार हालचालींत ताकद देणारी हालचाल एकच. चाक दोनदा फिरलं की एक स्फोट, एक ठोका.

जुनी बुलेट उभ्या जागी नीट लावलेली असली तर मिनिटाला साधारण आठशे फेरे घ्यायची. म्हणजे मिनिटाला चारशे ठोके, सेकंदाला सहा-सात. आपला कान सेकंदाला वीसेक ठोक्यांपर्यंतच त्यांना सुटं सुटं ऐकू शकतो. त्यापुढं ते मिसळतात आणि एकसंध सूर होतो. चार सिलिंडरच्या मोटारीत त्याच वेगाला सेकंदाला सव्वीस-सत्तावीस स्फोट होतात, म्हणून मोटार गुणगुणते. बुलेट गुणगुणत नाही, ती बोलते. प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं. त्यात तिचा सिलिंडर अरुंद आणि लांब, सत्तर मिलिमीटर व्यास आणि नव्वद मिलिमीटरचा प्रवास. फिरणारं चक्र वजनदार, त्यामुळं इतक्या संथ चालीतही ती बंद पडायची नाही. संथ, जड आणि सुटा ठोका. कवितेच्या भाषेत सांगायचं तर विलंबित लय.

हे झालं कौतुक. आता दुसरी बाजू.

ते लोखंडी इंजिन तेल गळायचं. बुलेटखाली तेलाचा डाग दिसला नाही तर तिच्यातलं तेल संपलं असं समजावं, असा जुना विनोद आहे, आणि तो विनोदापेक्षा अनुभव जास्त होता. गाडी चालू करणं हा एक विधीच होता. किल्ली फिरवायची. हँडलजवळची डिकॉम्प्रेसरची छोटी कळ ओढायची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सुटतो. मग किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर कधी येतो ते पाहायचं. काटा मध्यावर आला की कळ सोडायची, किक वर घ्यायची आणि सगळ्या अंगाचा भार देऊन मारायची. हिशेब चुकला तर किक उलटी यायची आणि नडगी फुटायची. मेस्त्रींकडे येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या पायावर अशा खुणा मी पाहिल्या आहेत, आणि त्या ते कौतुकानं दाखवतात.

आणि गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. ही इंग्लिश पद्धत. इंग्लंडमध्ये कोणे एके काळी बहुतेक सगळ्या मोटारसायकली अशाच होत्या. अमेरिकेनं १९७०च्या दशकाच्या मध्यात कायदा केला की गिअर डावीकडेच हवा. अमेरिकेचा बाजार मोठा, त्यामुळं ट्रायम्फसारख्या इंग्लिश कंपन्यांनाही गिअर इकडून तिकडे न्यावा लागला. आपली बुलेट मात्र उजवीकडेच राहिली. १९८०च्या दशकात हीरो होंडासारख्या जपानी बनावटीच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. त्यांचा गिअर डावीकडे. सगळा देश डाव्या गिअरवर गाडी शिकला. अशा माणसाला अचानक बुलेट दिली आणि समोर कुणी आडवं आलं, तर घाबरून तो उजवा पाय दाबायचा. तिथं ब्रेक नसायचा, गिअर असायचा. अपघाताला एवढं पुरे.

२००२ साली आलेल्या थंडरबर्डला पाच गिअर होते आणि तेही डावीकडे. त्या दशकात हळूहळू इतर मॉडेलांचाही गिअर डावीकडे गेला. मला आठवतं, तेव्हा आमच्या गॅरेजवर जणू सुतक पडलं होतं. एक निवृत्त हवालदार यायचे. त्यांनी मेस्त्रींना विचारलं, "आता माझा पाय मी नव्यानं शिकवू काय?" मेस्त्री म्हणाले, "साहेब, तुमची गाडी आहे तशीच आहे. कंपनी तुमच्या घरी येऊन गिअर नाय फिरवत." त्यावर हवालदार म्हणाले, "तसं नव्हे. आजवर माझी गाडी पोरांना चालवता यायची नाही. आता त्यांची मला चालवता येणार नाही, आणि माझी कुणालाच नको होईल."

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. त्यांना डावीकडच्या गिअरचा राग नव्हता. अंगात मुरलेलं एक कसब आता कुणाच्या उपयोगाचं राहणार नाही, याचं ते दुःख होतं. नव्या रचनेवरच्या बहुतेक तक्रारींच्या तळाशी हेच असतं, असं मला वाटतं.

गिअरपेक्षा मोठा बदल झाला तो इंजिनात. १९९०च्या दशकात कंपनी आयशर उद्योगसमूहाकडे गेली. २००० साली सिद्धार्थ लाल या तिशीही न गाठलेल्या तरुणाकडे तिची सूत्रं आली, तेव्हा ती बंद करावी की विकावी अशी चर्चा होती. गाडी सगळ्यांना आवडायची, पण फारसं कुणी विकत घेत नव्हतं. जोडीला सरकारचे प्रदूषणाचे नियम आले. दुचाकींसाठी २००५ आणि २०१० साली ते कडक होत गेले, पुढं २०१७ आणि २०२० साली आणखी कडक. लोखंडी इंजिन या नियमांत बसणं अवघड होतं. कारण लोखंड उष्णता सावकाश सोडतं. सिलिंडर असमान तापतो, म्हणून पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये फट जास्त ठेवावी लागते. त्या फटीतून तेल वर येऊन जळतं, जळकट धूर बाहेर पडतो. ॲल्युमिनियम उष्णता कितीतरी पटीनं लवकर बाहेर टाकतं, फट कमी ठेवता येते, तेल कमी जळतं. ऑस्ट्रियातल्या एव्हीएल या कंपनीच्या मदतीनं ॲल्युमिनियमचं एक इंजिन आधीच तयार झालं होतं. मग २००८ ते २०१०च्या दरम्यान आणखी नवं इंजिन आलं. यात इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत. पूर्वी हे वेगवेगळ्या पेट्यांत असायचे, आणि जितके सांधे तितकी गळती. बटन दाबून चालू होणारी, तेल न गळणारी, लडाखला जाऊन परत येणारी बुलेट आली.

यात कंपनीनं एक गोष्ट मुद्दाम सांभाळली. ती म्हणजे सत्तर आणि नव्वदचं जुनं माप. सिलिंडर तितकाच अरुंद, तितकाच लांब. म्हणजे घर नवं बांधलं, पण जोत्याचं माप जुनंच ठेवलं. तरीही जुने लोक म्हणाले, "ठोका गेला." आणि ते खोटं बोलत नव्हते. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम आलं की धातूचा नाद बदलतो. आतले भाग घट्ट बसले की त्यांची खडखड जाते, आणि ती खडखडही त्या आवाजाचा भाग होती. धूर स्वच्छ करणारी जाळी नळीत बसली की ठोक्याचा काठ बोथट होतो. उभ्या जागचा वेग हजाराच्या आसपास ठेवला की सेकंदाला सहा-सात ठोक्यांचे आठ-नऊ होतात. कानाला हा फरक नेमका कळतो. गाण्यातला जाणकार लय किंचित चढली तरी मान हलवायची थांबवतो, तसंच.

दुसरीकडे आकडे पाहा. २०१० साली वर्षाला पन्नासेक हजार गाड्या विकणारी ही कंपनी २०२४-२५च्या आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर गेली. ज्यांना किक मारणं जमत नव्हतं, ज्यांच्याकडे ओळखीचा मेस्त्री नव्हता, अशा लोकांनी ती घेतली. आमच्या गल्लीतली एक परिचारिका बुलेट घेऊन रात्रपाळीला जाते. जुन्या गाडीच्या काळात हे घडलं नसतं असं मी म्हणणार नाही, पण सोपं नक्कीच नव्हतं. जुन्यांचा राग तोलताना तिचा आनंद दुसऱ्या पारड्यात टाकायला हवा.

२०२३ साली बुलेटला तिसरं इंजिन आलं. हे तीनशे एकोणपन्नास सीसीचं. व्यास बहात्तर मिलिमीटर, प्रवास ८५.८ मिलिमीटर. म्हणजे या वेळी जोत्याचं मापही बदललं. आत एक जास्तीचा फिरणारा दांडा घातला, त्याला बॅलन्सर म्हणतात. पिस्टन वर जातो तेव्हा त्या दांड्यावरचं वजन उलट दिशेला जातं, आणि दोन्ही झटके एकमेकांना बरेचसे मारून टाकतात. परिणाम असा की जुन्या बुलेटवर तासभर बसल्यावर हाताला येणाऱ्या मुंग्या आता येत नाहीत. आणि किक नाही. फक्त बटन. आरसा थरथरत नाही, मागचं स्पष्ट दिसतं. यावर आमच्या फुटपाथवरची प्रतिक्रिया एका पन्नाशीतल्या गृहस्थांनी दिली, "गाडी उत्तम आहे हो. पण चालू आहे की बंद, ते वाकून बघावं लागतं." यात अतिशयोक्ती आहे, पण आपुलकीही आहे.

हे फक्त बुलेटचंच होतं असं नाही. जावाचं उदाहरण तर मुंबईच्या जास्त जवळचं. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी झेकोस्लोव्हाकियाची ही गाडी भारतात आणली, पुढं म्हैसूरला कारखाना काढला, आणि जावाची येझदी झाली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. नोव्हेंबर २०१८मध्ये मुंबईतच नव्या जावाचं अनावरण झालं. त्यामागं महिंद्रा समूहाबरोबर रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणीही होते. गाडी दिसायला हुबेहूब जुनी, दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर. पण जुनी जावा टू-स्ट्रोक होती, नवी फोर-स्ट्रोक, आणि इंजिन पाण्यानं थंड होणारं. जुन्या जावाची किक आणि गिअर एकाच दांड्यावर असायचे, तेही गेलं. चाहते म्हणाले, चेहरा वडिलांचा आणि आवाज शेजाऱ्याचा. पण टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर तेलही जाळतं, आजच्या नियमांत तशी गाडी काढणं जवळपास अशक्य. अमेरिकेत तर हार्ले-डेव्हिडसननं १९९४ साली आपल्या इंजिनाचा आवाजच कायद्यानं आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज केला होता. इतर कंपन्यांनी हरकती घेतल्या, वर्षानुवर्षं वाद चालला, आणि २००० साली हार्लेनं अर्ज मागं घेतला. आवाजाला सातबारा मिळाला नाही.

आवाज कुणाचा, हा प्रश्न मात्र राहतो. काही लोकांनी त्याचं उत्तर स्वतःच दिलं. बाजारातून दुसरा सायलेन्सर आणून बसवला. त्यातल्या आवाज गिळणाऱ्या जाळ्या काढलेल्या. आता इथं मी स्पष्ट बोलतो. जुन्या बुलेटचा ठोका संथ आणि जड होता. तो मोठा वाटायचा कारण तो खोल होता. या बदललेल्या सायलेन्सरमधून येतो तो फटाका. लय आणि दणका यांत फरक आहे. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर परळ, तिथं लहान मुलांचं वाडिया रुग्णालय, केईएम, टाटा. रात्री दोन वाजता त्या रस्त्यानं फटफटत जाणाऱ्याला जुन्या बुलेटचा वारस म्हणवून घेण्याचा काहीही हक्क नाही. कायद्यानंही तो गुन्हाच आहे, आणि आपल्या राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांवरून रोलर फिरवला आहे. आमचे मेस्त्री असले सायलेन्सर बसवून देत नाहीत. ते म्हणतात, "ज्याला ठोका कळतो त्याला बोंबलायला लागत नाय."

मी भाषेचा माणूस, म्हणून एक भाषेतलं उदाहरण देतो. १९६२ साली मराठीच्या शुद्धलेखनाचे नवे नियम आले, १९७२ साली त्यांत भर पडली. त्या नियमांनी एक मोठी गोष्ट केली: ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या छापील मराठीत शब्दाशब्दावर टिंबं असायची. ती कुठं द्यायची हे कळायला व्याकरण, कधी संस्कृत-प्राकृतही माहीत असावं लागायचं. ज्यांनी ती विद्या कष्टानं मिळवली होती त्यांना नवी मराठी बोडकी वाटली. त्यांचा राग खरा होता, त्या टिंबांत भाषेचा इतिहास होता. पण माझ्यासारख्या, घरात दुसरी बोली आणि शाळेत मराठी असलेल्या पोराला त्या टिंबांच्या जाण्यानं दार किलकिलं झालं. मी आज मराठीत लिहितो त्याला बरीच कारणं आहेत, त्यांतलं एक छोटं कारण ते आहे. म्हणून नव्या बुलेटवर बसणाऱ्या त्या परिचारिकेला मी नाक मुरडू शकत नाही.

पण उदाहरणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. शुद्धलेखन बदललं तेव्हा जुनी पुस्तकं कुणी जाळली नाहीत. ती ग्रंथालयात आहेत, ज्याला जुनी टिंबं पाहायची त्यानं पाहावीत. यंत्राचं तसं नसतं. यंत्र वापरात राहिलं तरच जिवंत, आणि वापरात राहायला दुरुस्त करणारा हात लागतो. इथं खरा धोका आहे. जुनं लोखंडी इंजिन पान्यांच्या एका पेटीवर उघडायचं. मेस्त्री पोटावर आडवे पडून, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून आतलं दुखणं ऐकतात, डॉक्टर नळी लावतो तसं. प्लॅटिनम पॉइंटची फट डोळ्यांनी मोजतात. नव्या गाडीचं दुखणं संगणकाच्या यंत्राला जोडून वाचायचं असतं, आणि वॉरंटी असेपर्यंत ती अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जाते. मेस्त्रींकडे शिकायला पोरं येत नाहीत. आली तरी महिन्याभरात जातात. मेस्त्री पासष्टीचे आहेत. जुन्या गाड्यांचे भाव वाढले, हौशी लोक लांबून लांबून त्यांच्याकडे येतात, कामाला तोटा नाही. पण त्यांच्यानंतर कोण, याचं उत्तर त्या गर्दीतल्या एकाकडेही नाही.

आमच्या नायगावला हा प्रश्न नवा नाही. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी, वरळी, ना. म. जोशी मार्ग, शिवडी आणि नायगाव मिळून २०७. त्यांतल्या ४२ आमच्याकडच्या. त्यांच्या पुनर्विकासाचं काम सुरू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर. वरळीच्या पहिल्या इमारतींमधल्या घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५मध्ये मिळाल्या. मी एकाही रहिवाशाला सामायिक संडास परत हवा असं म्हणताना ऐकलेलं नाही. पण गॅलरीविषयी, दार उघडं टाकून शेजारी जाण्याविषयी, सगळे बोलतात. नव्या रचनेला नावं ठेवणाऱ्याला जुन्यातलं सगळंच हवं असतं, ही समजूत चुकीची आहे. तेल गळणारं इंजिन कुणालाच नको असतं, सामायिक संडास नको असतो. त्याला हवी असते त्याबरोबर आलेली एखादीच गोष्ट. ती कुठली, हे रचना बदलणाऱ्यानं आधी विचारावं आणि वापरणाऱ्यानं नेमकं सांगावं. नुसतं "जुनं ते सोनं" म्हटलं की समोरचा ऐकायचं सोडून देतो.

या कसोटीवर पाहिलं तर कंपनीनं गिअर डावीकडे नेला ते योग्यच केलं, त्यात जीव वाचण्याचा प्रश्न होता. लोखंड सोडलं तेही योग्य. हवा सगळ्यांची आहे. किक काढली, तिथं मात्र मी जुन्यांच्या बाजूनं आहे. बॅटरी उतरलेल्या गाडीवर, पावसात, आडरानात किकचा उपयोग काय हे घाटात अडकलेल्या माणसाला विचारावं. ती किक म्हणजे निव्वळ आठवण नव्हती, अडल्या वेळचा आधार होता.

आणि ठोक्याचं काय? तो कारखान्यातून परत येणार नाही. त्याला उपाय दोन, दोन्ही स्वस्त. आपल्या राज्यात गावोगावी आयटीआय आहेत. तिथल्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात एक लोखंडी इंजिन मेजावर ठेवावं, आणि वर्षातून आठ दिवस एखाद्या जुन्या मेस्त्रींना मानधन देऊन बोलवावं. कानानं इंजिन तपासायला शिकलेल्या पोराला संगणकानं तपासणं जड जाणार नाही, उलट संगणक चुकला तर त्याला ते कळेल. दुसरा उपाय या माध्यमाला शोभणारा. रेडिओनं गवयांचे आवाज जपले, कीर्तनकारांचे जपले, नेत्यांचे जपले. नीट लावलेल्या लोखंडी बुलेटचा आवाज एकदा चांगल्या यंत्रावर नोंदवून ठेवावा: थंड असताना, तापल्यावर, उभ्या जागी आणि चढावर. जोडीला ते इंजिन आयुष्यभर उघडणाऱ्या माणसाचं बोलणंही नोंदवावं, कुठला आवाज कशाचा हे त्याच्याच शब्दांत. अशी माणसं परळ-लालबागला आहेत, कुर्ल्याला आहेत, कोल्हापूर-सांगलीला आहेत. त्यांतली पुष्कळशी साठीच्या पुढं गेली आहेत, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)